नलिनीताईंची राज्यघटना

नलिनीताई बर्वे स्टुटगार्टला मुलीकडे राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ केलरशी वाजलं. स्टुटगार्टात केरवोखे नावाचा एक प्रकार आहे. तुमच्या दाराला पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना, तळघर आणि इमारतीपुढचा फुटपाथ तुम्ही झाडायचा. फ्राऊ केलर पाटी अडकवून निघाल्या, तर ताईंनी त्यांना थांबवून इंग्रजीत विचारलं, "हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

मृणाल, म्हणजे ताईंची मुलगी, आतून धावत आली. "आई, प्लीज! इथे असं नसतं विचारायचं."

"का नसतं? लोकशाही आहे ना इथे?"

फ्राऊ केलर खाली गेल्या आणि घराच्या नियमांचा कागद घेऊन वर आल्या. ताईंनी मृणालकडून तो सगळा वाचून घेतला, "उत्तम" म्हणाल्या, आणि झाडू घेऊन तळघरापासून सुरुवात केली. त्यानंतर त्या इमारतीत त्यांच्याइतकी मनापासून केरवोखे कुणी केली नसेल. फ्राऊ केलरना वाटलं, बाई वठणीवर आली. छे! बाईंना नियम दाखवला गेला होता, त्यांचं तेवढंच मागणं होतं.

आम्ही पलीकडच्याच गल्लीत राहायचो, त्यामुळे ताईंचं आमच्याकडे सतत येणंजाणं. मूळच्या साताऱ्याच्या. लग्न होऊन अमेरिकेत गेल्या, तिथे शिकल्या, आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा कॉलेजात वीसेक वर्षं अमेरिकन शासनव्यवस्था शिकवत होत्या. काँग्रेसचे अधिकार कोणते, राष्ट्राध्यक्षाचे कोणते, न्यायालय कुणाला कुठे अडवतं, निवडणूक कशी होते, हे सगळं. तिथल्या गोऱ्या पोरांना त्यांच्याच देशाची घटना ही साताऱ्याची बाई शिकवायची. यजमान गेल्यावर त्या मृणालकडे आल्या. पासपोर्ट अमेरिकेचा, मुलगी जर्मनीत, आणि बोलणं अजून साताऱ्याचं.

त्यांचं एक ठाम म्हणणं होतं, की सत्ता कुणालाही मोजूनमापून द्यावी, आणि चांगल्या माणसाला तर जास्तच मोजून. "वाईटावर आपलं लक्ष असतंच रे मकरंद," त्या मला म्हणायच्या, "चांगल्याकडे पाठ करून आपण झोपतो." आणीबाणीत त्यांचे वडील, साधे शाळामास्तर, तुरुंगात होते. त्याबद्दल त्या बोलत नसत. एकदाच सांगितलं. अण्णांना पकडायला आलेला फौजदार त्यांचाच विद्यार्थी होता. दारात वाकून पाया पडला, आणि मग त्यांना घेऊन गेला. एवढं सांगून ताई उठल्या आणि कुकरची शिट्टी बघायला गेल्या.

शनिवारी त्या मुलांची मराठी शाळा घ्यायच्या. आमच्या मराठी मंडळाने एका चर्चचा लहान हॉल शनिवारी दुपारी भाड्याने घेतला होता. आमची ओवी तेव्हा सात वर्षांची. तिला मराठी समजायचं सगळं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. मी मराठीत ओरडायचो, ती जर्मनमध्ये चिडायची, आमच्या घरात भांडणसुद्धा धड एका भाषेत होत नव्हतं. ताईंच्या आधी दोन-तीन बायकांनी मुलांना "ये रे ये रे पावसा" छापाची गाणी शिकवून पाहिली. मुलं पेंगायची. ताईंनी आल्याआल्या मुलांची काँग्रेस भरवली. सहा पोरं एका सभागृहात, चार दुसऱ्या सभागृहात, एक राष्ट्राध्यक्ष. ठराव मांडायचा तो मराठीत. जर्मन शब्द आला की ठराव बाद. पहिला ठराव होता, 'शाळेत मधल्या सुट्टीत चिप्स मिळाव्यात.' दोन्ही सभागृहांत पास. राष्ट्राध्यक्ष होती आमची ओवी. तिने नकाराधिकार वापरला, कारण तिला चिप्स नको, चकली हवी होती. मग दोन तृतीयांश मतं गोळा करून तिचा नकार मोडायला मुलं जी काय मराठी बोलली! पालक बाहेर कोट घालून उभे होते ते आत येऊन बघत राहिले.

आणि त्या रात्री जेवताना मी ओवीचा टॅब काढून घेतला, तेव्हा माझ्या लेकीने जन्मात पहिल्यांदा मला एक अख्खं मराठी वाक्य ऐकवलं. "बाबा, तुला हा अधिकार कुणी दिला?"

बायको हसून हसून बेजार झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आता लाज कशाला वाटून घेऊ. टॅब मी परत दिला.

तर ही शाळा. पुढचं सगळं या शाळेपायी झालं, म्हणून सांगितलं.

मंडळ रजिस्टर करायचं ठरलं, तेव्हा जर्मन कायद्याप्रमाणे झाट्सुंग लागली, म्हणजे संस्थेची नियमावली. आमचा बेत नेटवरून एखादा नमुना उतरवून सही ठोकायचा. ताई म्हणाल्या, "घटना उतरवून घेतात होय?" त्यांच्या स्वयंपाकघरात दोन महिने बसून आम्ही ती लिहिली. आम्ही म्हणजे त्यांनी. मी पोहे खायचो आणि जर्मन मजकूर तपासायचो. पैशाची मंजुरी समितीच्या हातात, अध्यक्षाच्या नाही. एका माणसाला अध्यक्षपद फक्त दोन वेळा, दर वेळी दोन वर्षं. आणि निवडणूक गावागावांनी. मंडळात स्टुटगार्टची माणसं भरपूर, झिंडेलफिंगेन, हाइलब्रोन आणि उल्मची थोडी. नुसती डोकी मोजली तर लहान गावांना कुणी विचारणार नाही, म्हणून प्रत्येक गावाला ठरावीक वजन, आणि गावात जो जिंकेल त्याला त्या गावाचं सगळं वजन. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडतात त्याच धर्तीवर.

"ताई, एवढं कशाला? आपण आपल्यातच तर आहोत," असं म्हणाला अभय राजवाडे.

अभय मंडळाचा पहिला अध्यक्ष. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. माणूस गोड, अगदी जीभ चिकटेल इतका गोड. कुणाला घर मिळत नसेल तर फोन करणार, कुणाचं काँट्रॅक्ट संपत आलं तर शब्द टाकणार. मृणालचा नवरा त्याच्याच हाताखाली होता. अभय ताईंना सगळ्यांसमोर "आमच्या घटनेच्या शिल्पकार" म्हणायचा आणि ताई दर वेळी चिडायच्या. "ते शब्द ज्यांचे आहेत त्यांचे राहू दे. मी मंडळाचे नियम लिहिलेत." अभयने फक्त एक कलम घालायला लावलं, की तातडीच्या प्रसंगी अध्यक्ष एकटा निर्णय घेऊ शकेल. कुणी आजारी पडलं, अपघात झाला तर समिती कुठे बोलवत बसायची? ताईंनी ते कलम लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे." मी त्यांना कशालाही इतक्या अनिच्छेने हो म्हणताना पाहिलं नव्हतं.

सोळा सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेत निवडणूक झाली. ताईंची मतपत्रिका पेनसिल्व्हेनियाहून टपालाने आली होती. ती भरून पाठवायला त्या नवी साडी नेसून पोस्टात गेल्या. मतदानाला जुनेर नेसून जायचं नाही, हा त्यांचा नेम. निकाल लागला त्या सकाळी मी ऑफिसला जाता जाता त्यांच्याकडे डोकावलो. टीव्ही बंद. त्या भाजी निवडत होत्या.

"ताई, तुमच्या उमेदवाराला देशभरात जास्त मतं पडली म्हणतात. आणि हरली?"

"राज्यांच्या हिशेबात हरली."

"ही कसली लोकशाही?"

"ही आधी ठरवून घेतलेली लोकशाही. वीस वर्षं मी पोरांना सांगितलं, नियम खेळाआधी ठरतो. आज मला दुखलं म्हणून उद्या वेगळं सांगू?" मग मेथीची एक काडी हातात धरून म्हणाल्या, "पण दुखलं रे. फार दुखलं."

मंडळात सगळ्यांना चघळायला विषयच मिळाला. "काय ताई, तुमच्याकडे जास्त मतांवाला हरतो म्हणे!" भेटेल तो ही टिंगल करायचा. स्वतःच्या मंडळात तोच नियम आहे हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. झाट्सुंग वाचली कुणी होती? सही मात्र सगळ्यांची होती.

पुढच्या वसंतात मंडळाची निवडणूक. अभयने सांगून टाकलं की शनिवारचा हॉल आता गणपतीच्या कार्यक्रमाच्या नाचाच्या तालमींना लागेल, प्रायोजक मोठे आहेत, शाळेचं बघू नंतर कधीतरी. ताई त्याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या.

अहो, काय गहजब! आपल्या लोकांना निवडणूक नको असते, निवड हवी असते. बिनविरोध. कुणी उभं राहिलं की जणू घरात मयत झालं. रोज कुणीतरी ताईंची समजूत घालायला यायचं. मृणालनेही घातली. "आई, ह्यांचा बॉस आहे तो. जरा विचार कर ना." ताई म्हणाल्या, "मी त्याच्या कंपनीत निवडणूक लढवत नाहीये."

मतदान गुप्त झालं, तेवढं ताईंच्या नियमात होतं. स्टुटगार्टात ताईंनी धुव्वा उडवला. तोंडावर बिनविरोध बिनविरोध करणाऱ्यांनी चिठ्ठीवर ताईंचं नाव लिहिलं, आयांनी तर सगळ्यांनीच. पण हाइलब्रोन, उल्म आणि झिंडेलफिंगेन तिन्हीकडे अभय थोड्याथोड्या मतांनी पुढे. तिन्ही गावांना त्याने आपापला वेगळा गणपती देऊ केला होता. सगळी मतं एकत्र केली तर ताई पुढे होत्या. नियमाने अभय अध्यक्ष झाला.

स्टुटगार्टवाले भडकले. त्यांच्यातले अर्धे आदल्या नोव्हेंबरात ताईंना हसत होते. मी भडकलो नव्हतो, मी पेटलो होतो. मला मुद्दाही सापडला. उल्मच्या लोकांना सभेचं आमंत्रण नियमापेक्षा उशिरा गेलं होतं. कोर्टात एक अर्ज टाकला तर निवडणूक रद्द होऊ शकली असती. ताईंच्या दारात उभं राहून मी त्यांना हे सांगितलं.

"उल्मचे किती लोक आले नाहीत?"

"आले सगळे. पण मुद्दा तो नाही ताई, गेनाऊ, नेमकं हेच कोर्टाला..."

"सगळे आले, मत देऊन गेले. उशिराने कुणाचं नुकसान झालं? माझं नाही. मी जिंकले असते तर तू हा कागद शोधला असतास का?"

"पण शाळा ताई! शाळा जाईल!"

"दोन वर्षांनी तो उभाच राहू शकत नाही. नियम आहे. दोन वर्षं कळ काढू."

मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो. बरोबर त्याच होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच जास्त येतो. समोरचा माणूस हातात पत्ते लपवून बसलाय आणि आपण आपले पत्ते उघडे ठेवायचे, याला तत्त्व म्हणायचं की खुळेपणा, यावरून मी बायकोशी कितीदा तरी भांडलोय.

महिन्याभरात शाळा बंद झाली. समितीने ठराव केला नाही, कारण समितीतल्या तिघींची मुलं शाळेत होती. अभयने तातडीचं कलम वापरलं. गणपती चार महिन्यांवर आलेत ही तातडी. "तात्पुरती स्थगिती," असं त्याने मेलमध्ये लिहिलं, खाली हात जोडलेलं चित्र आणि "ताईंच्या मोलाच्या कार्याबद्दल ऋणी". समितीने निषेध करावा म्हणून ताई एकेकीला भेटल्या. एकीचा नवरा नोकरी शोधत होता. दुसरीला गणपतीत निवेदन करायचं होतं. तिसरी म्हणाली, "ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे," आणि विषय बदलून चहा टाकला. अधिकार होता त्यांच्याकडे. पांढऱ्यावर काळं लिहून दिला होता ताईंनी. वापरायला कुणी हात उचलेना.

ताईंनी मृणालच्या बैठकीच्या खोलीत मुलं बोलवून पाहिली. आठवडाभर दमलेल्या जावयाला शनिवारी घरात दोन सभागृहं नको होती. मुलं गळत गेली. आमची ओवी फुटबॉलला जायला लागली. ताई रस्त्यात दिसल्या की ती "हालो, ताई-आजी" म्हणायची आणि पुढे सगळं जर्मन. ताई तिच्याशी मराठीतच बोलायच्या, हळूहळू, एकेक शब्द जागेवर ठेवून. मला बघवायचं नाही.

दोन वर्षं कळ काढू म्हणाल्या होत्या. त्यावरच त्या तग धरून होत्या. हॉलच्या पाद्र्याला भेटून शनिवारची वेळ पुढच्या वर्षासाठी मिळेल का हे विचारूनसुद्धा आल्या. मुलांच्या आयांना फोन करायच्या, "अभयची मुदत संपली की लगेच सुरू करू हं."

दरम्यान माझी नोकरी बदलली आणि आम्ही ब्राउनश्वाइगला गेलो. राहण्याची नोंद स्टुटगार्टातून हलली त्या दिवशी मंडळातलं माझं मतही गेलं. हाही ताईंचाच नियम. मी फोनवर कुरकुरलो, तर म्हणाल्या, "तिथे राहत नाहीस, मग तिथल्या लोकांवर कोण राज्य करणार हे तू का ठरवावंस?" मी म्हटलं, "तुम्ही नाही का जर्मनीत बसून पेनसिल्व्हेनियाचं ठरवत?" त्या इतक्या मोठ्याने हसल्या! बऱ्याच महिन्यांनी हसल्या होत्या. "हे खरं आहे. यावर विचार करते."

अठरा सालच्या शरदात मंडळाची सर्वसाधारण सभा होती. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय, 'अध्यक्षपदाच्या मुदतीची अट काढून टाकणे'. आमंत्रण या वेळी अगदी नियमात, वेळेवर आलं होतं. ताईंनी फोन केला. "येशील का रे? मत नाही तुला, ठाऊक आहे. नुसता बसायला ये." मी पहाटेची गाडी पकडली.

ती सभा मी आयुष्यात विसरणार नाही. आता ताई तिथे नाहीत, त्याच हिवाळ्यात त्या पेनसिल्व्हेनियाला एकट्या परत गेल्या, फोनवर क्वचित बोलणं होतं. पण त्यांचं नाव निघालं की माझ्यापुढे तो हॉल उभा राहतो.

मतदान हात वर करून. गुप्त मतदान फक्त निवडणुकीला, नियम बदलायला नाही. ही एक जागा ताईंच्याकडून मोकळी राहिली होती. अभय हसतमुखाने उभा. मागच्या दाराशी कुणीतरी बटाटेवडे तळत होतं, सगळा हॉल त्या वासाने भरलेला. ताई बोलायला उठल्या. दोनच मिनिटं बोलल्या. "अभय वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. उद्या तुम्हाला कुणी नको झाला, तर त्याला घरी पाठवायचं दार आज तुम्ही बंद करताय, एवढंच सांगते. आणि ते दार तुमच्याच मुलांच्या शाळेचंही होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या.

मग अभय म्हणाला, "ठरावाच्या बाजूने?"

हात वर गेले. टाळ्या वाजवलेलेच हात. शंभर टक्के बरोबर म्हणणारीचा गेला, आयांचे गेले. मृणालने नवऱ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून तिनेही हात वर केला.

"विरोधात?"

ताईंचा हात. एकच. माझी मूठ मांडीवर आवळलेली, मला मत नव्हतं.

"ठराव एकमताने मंजूर," अभय म्हणाला. खुर्च्या सरकायला लागल्या.

"अध्यक्ष," ताई म्हणाल्या, "विरोधात एक मत आहे. नोंदवा."

"अहो ताई," अभय गोड हसून म्हणाला, "एका मतासाठी एकमत कशाला बिघडवायचं? बाहेर किती छान निरोप जाईल आपल्या मंडळाचा." लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, हात खाली घ्या, वडे गार होतायत!" आणखी हसले. सचिवबाईंनी ताईंकडे न बघता लॅपटॉप मिटला.

सगळे वड्यांकडे गेले. रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध त्या उभ्या, चांगली साडी नेसलेल्या, हात वर. हात भरून आला होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने कोपर धरलं. मृणाल त्यांच्यापाशी गेली. "आई, पुरे ना आता. सगळे बघतायत. खाली घे हात."

"बघतायत ना? मग कुणीतरी मोजा," ताई म्हणाल्या. "तिकडे अमेरिकेतही मी हरले, पण त्यांनी माझं मत मोजून मला हरवलं."

मृणाल रडायला लागली. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, चला." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मला परतीची गाडी होती. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा अभय स्वतः त्यांच्यासाठी वड्याची प्लेट घेऊन आला होता आणि ती घ्यायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.